'डिसमँटल'ला मराठीत काय म्हणायचं? एका शब्दापायी आमच्या शाळेचं सागवान गेलं

अडाणकाठ

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ नीट समजून घ्यायचा आहे. शब्द आहे 'डिसमँटल'. शब्दकोश पाहिला, त्यात 'मोडणे, सुटे करणे, पाडून टाकणे, उद्ध्वस्त करणे' असं सगळं एकाच ओळीत दिलंय. माझी अडचण तिथंच आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या दोन जुन्या खोल्यांचं निर्लेखन झालं, म्हणजे त्या कागदोपत्री कायमच्या बाद झाल्या. खोल्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, भिंती विटामातीच्या, पण वरचं सगळं लाकूड सागवानी. आढं असं की दोन माणसांच्या कवेत मावू नये. इंग्रजी अंदाजपत्रकात 'डिसमँटलिंग' लिहिलेलं होतं. गावात जो मराठी कागद आला त्यात एकच शब्द होता, 'पाडकाम'. सकाळी अकराला जेसीबी आला आणि दोन वाजता सगळं भुईसपाट. आढं मधोमध मोडलं, वासे चिरफाळले, कवेलूंचा चुरा झाला. दारांच्या चौकटी भिंतीसकट आडव्या पडल्या. ज्या लाकडात गावाच्या समाजमंदिराचं अख्खं छप्पर झालं असतं, ते जळणाच्या भावानं गेलं. कंत्राटदाराला विचारलं तर त्यानं तोच मराठी कागद पुढं केला. "पाडा म्हटलं, पाडलं." त्याला दोष देववत नाही. कागदात तसंच होतं.

आता जुन्या चावडीची पाळी आहे. ती शाळेहून जुनी, आणि लाकूड त्याहून सरस. १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे आणि त्याचा मसुदा माझ्याकडं आलाय. 'डिसमँटल'मध्ये जपून सुटं करणं येतं की मोडून टाकणंही येतं? आणि ठरावात मराठी शब्द कोणता घालू, की जेणेकरून पुन्हा जेसीबी येणार नाही?

हडंबा

दादा, मी मूर्तिजापूरकडं हडंबे, म्हंजे मळनीयंत्रं, अन् पान्याचे इंजिन दुरुस्त करतो. आमच्याइकडं ह्याले सरळ 'खोलनं' म्हनतेत. इंजिन खोललं, मोटर खोलली, गिअरबॉक्स खोलला. आयटीआयमधी सर 'डिसमेंटल करा' म्हनत, तवापासून शब्द कानावर हाये.

खोलनं म्हंजे तोडनं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतेत. आता इंजिनचं हेड घ्या. त्याचे नट एका बाजूनं धडाधडा काढले तर हेड वाकडं होते. बाहेरचे नट आधी, मंग आतले, तेबी कर्नात, अन् एका दमात नाही, सगळे थोडे थोडे सैल करत. बसवतानी उलटं, मधातून बाहेर. बेअरिंगच्या कॅपवर पंचानं निशानी करून ठेवा लागते, कोनती कोनत्या जागची. पिस्टन ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरात परत गेला पायजे. सुटलेला एकूनएक नट-वायसर ट्रेमधी, ज्या हिशोबानं निंगाला त्या हिशोबानं.

कंपनीच्या पुस्तकात खोलन्यावर दहा पानं राहतेत अन् जोडन्यावर बऱ्याच वेळा एकच ओळ राहते, का जोडनी उलट्या क्रमानं करा. म्हंजे ज्यानं नीट खोललं त्यालेच जोडता येते. तुमच्या शाळेत जे झालं ते खोलनं नव्हतं दादा. वाचून लय वाईट वाटलं.

भूगोलाच्या बाई

शब्दाच्या मुळाशी गेलं तर अडाणकाठ यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल असं वाटतं, म्हणून थोडं लांबण लावते.

हडंबा दादांनी लिहिलेला 'डिसमेंटल' हा उच्चार सगळीकडे ऐकू येतो, आणि त्यामुळे बरीच मुलं स्पेलिंगमध्ये 'मॅ'च्या जागी 'मे' करून टाकतात. मनाशी संबंध असलेला 'मेंटल' वेगळा, त्याचं मूळ लॅटिनमधल्या मन या अर्थाच्या शब्दात आहे. इथला 'मँटल' म्हणजे झगा, अंगावर घ्यायचं पांघरूण. लॅटिन 'मांतेल्लुम', त्यावरून जुनी फ्रेंच 'मांतेल', त्याला 'देस' हा उपसर्ग लागून 'देसमांतेले', म्हणजे पांघरूण काढून घेणं. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आला. तेव्हा तो प्रामुख्यानं किल्ल्यांसाठी वापरला जाई. तट हे किल्ल्याचं पांघरूण. तट-बुरूज पाडले, तोफा काढून नेल्या की किल्ला उघडा पडला, लढायच्या कामाचा राहिला नाही. ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये आपल्याकडच्या किल्ल्यांविषयी हा शब्द जागोजाग येतो तो याच अर्थानं. त्यामुळे 'किल्ला डिसमँटल केला' असं वाचलं तर किल्ला नाहीसा झाला असं समजू नये. त्याचं बळ काढून घेतलं, एवढंच.

हाच 'मँटल' तुम्ही सगळ्यांनी हातात धरलेला आहे. वीज नव्हती तेव्हा लग्नाच्या वरातीत गॅसबत्ती असायची. तिच्यात रेशमी जाळीची पिशवी बांधायची, तिला 'मेंटल' म्हणत. तो हाच शब्द, ज्योतीवरचं पांघरूण. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पहिल्यांदा पेटवली की जाळीचं कापड जळून जातं आणि धातूच्या ऑक्साइडची राख तेवढी त्या आकारात उरते, तीच पांढरी झळाळते. बोट लागलं की भुगा. माझे वडील बत्ती उचलताना श्वास रोखून धरायचे ते अजून डोळ्यांपुढे आहे.

आणि माझ्या विषयातलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वीच्या कवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत जो थर आहे त्याला इंग्रजीत 'मँटल'च म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचं नाव 'प्रावरण'. आणि संस्कृतात प्रावरण म्हणजे अंगावर पांघरायचं वस्त्र! ज्यांनी हा प्रतिशब्द निवडला त्यांनी मुळाला धरून निवडला. दर वर्षी वर्गात सांगताना मला तितकाच आनंद होतो.

पूर्णाकाठ

बाई, फार छान माहिती. एक शंका. शब्दश: पाहिलं तर मग 'अनावरण' हाच प्रतिशब्द होईल ना?

भूगोलाच्या बाई

घडण तीच आहे, पण अर्थ दुसरीकडे गेला. 'अनावरण' पुतळ्याचं होतं, झाकलेलं लोकांना दाखवणं. इंग्रजीत त्या बाजूला गेलेला शब्द म्हणजे 'डिस्कव्हर'. त्यातही 'डिस' आहे आणि 'कव्हर' आहे, झाकण काढणं. दोन्ही शब्दांची सुरुवात पांघरूण काढण्यापासून झाली. एक शोध लावण्याकडे गेला, दुसरा सुटं करण्याकडे.

वैनगंगा_तीर

मी पवनी तालुक्यातला. गोसेखुर्द धरणात आमचं जुनं गाव गेलं. १९८८ साली धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा मी लहान होतो. गाव प्रत्यक्ष उठायला पुढं बरीच वर्षं गेली.

आमच्या आजीच्या तोंडी एक शब्द होता, 'घर उकललं'. पाडलं असं ती कधी म्हणायची नाही. "आपण घर उकलून आणलं," असंच म्हणायची, आणि खरंच आणलंही होतं. बाबा आणि दोन काका, सोबत गावचा वाढई, म्हणजे सुतार. आधी कवेलू उतरवले. हातोहात, एकानं वर बसून द्यायचा, दुसऱ्यानं शिडीवर घ्यायचा, तिसऱ्यानं खाली उभा रचायचा. आडवे रचले की खालचे फुटतात. मग फाटे, मग वासे. खिळा वाकवून उपटायचा नाही, लाकूड चिरते. मागून ठोकून थोडा वर आणायचा आणि मग पकडीनं सरळ ओढायचा. वासे निघाल्यावर आढं. ते उतरवायला अर्धं गाव आलं होतं, दोर लावून. प्रत्येक लाकडावर वाढयानं गेरूनं आकडे टाकले होते, आणि दिशाही. 'उ ३' म्हणजे उत्तरेकडचा तिसरा वासा. आकडे अजून दिसतात. मी आज ज्या खोलीत बसून लिहितोय तिच्या वर 'उ ३' आहे.

भिंती मात्र तिथंच राहिल्या. माती कोण नेते? त्या पाण्यात विरघळल्या.

म्हणून अडाणकाठ, माझं मत 'उकलणे'ला. गाठ उकलते, घडी उकलते, जुन्या मोडी कागदाचं वाचन उकलते. त्या शब्दात हाताची हळुवारता आहे.

अडाणकाठ

'उ ३' वाचून थांबलो. आमच्या शाळेच्या वाशांवर कोणी आकडे टाकले असते तर.

भाषांतरकार_वर्धा

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. हा शब्द दर महिन्याला अंगावर येतो, आणि दर वेळी वेगळा सोडवावा लागतो.

आधी शेजारचे शब्द. 'डिमॉलिश' म्हणजे पाडणं. लॅटिनमध्ये बांधण्यासाठी जे क्रियापद होतं त्याला 'डी' लावून उलटं केलं. त्यात उरलेल्या वस्तूची पर्वा नाही, ढिगारा झाला की काम झालं. 'डिसअसेंबल' म्हणजे जोडलेलं सुटं करणं. त्यात बहुतेक वेळा पुन्हा जोडायचा इरादा असतो, किंवा निदान आत काय आहे ते पाहण्याचा. 'डिसमँटल' या दोघांच्या मधे उभा आहे. एक एक भाग वेगळा काढणं त्यात आहे, पण पुढं त्या भागांचं काय करायचं याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. पुन्हा उभारा, विका, भंगारात घाला. म्हणून कोशात सगळे अर्थ एका ओळीत येतात. अडाणकाठ, तुम्ही जे पाहिलं तो कोशाचा दोष नाही, शब्दाचाच स्वभाव तसा आहे. पण रीत मात्र ठरलेली आहे, तुकड्या-तुकड्यानं. एका धडकेत जे होतं त्याला इंग्रजीत 'डिसमँटल' म्हणत नाहीत.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लंडनचा पूल. १८३१ मध्ये खुला झालेला लंडन ब्रिज १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका उद्योगपतीला विकला गेला. दगडांवर क्रमांक टाकले, जहाजानं नेले आणि ॲरिझोनातल्या लेक हावासू सिटीत १९७१ मध्ये पुन्हा उभा केला. आत काँक्रीटचा सांगाडा घातला, बाहेरून जुने दगड. तो पूल डिसमँटल झाला असंच सगळीकडे लिहिलेलं सापडतं. 'डिमॉलिश' झाला असं लिहिलं तर ते चूकच ठरेल. वैनगंगा_तीर यांच्या वाढयानं गेरूनं केलं तेच तिथं झालं.

जे हातात धरता येत नाही त्याच्यासाठीही हा शब्द चालतो, आणि तिथं आपली मराठी वर्तमानपत्रं घाई करतात. 'पोलिसांनी जाळं डिसमँटल केलं' याचं 'जाळं उद्ध्वस्त केलं' होतं. उद्ध्वस्त म्हटलं की एका रात्रीत धाड घातली असं वाटतं. प्रत्यक्षात बातमी असते महिनोन् महिने एकेक दुवा पकडल्याची. तिथं मी 'मोडून काढलं' लिहिते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचे कायदे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक रद्द झाले, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, आणि तिथं 'वर्णभेदाची व्यवस्था मोडीत काढली' हे बरोबर बसतं. वादविवादाचंही तसंच. कुणाचा युक्तिवाद 'डिमॉलिश' केला म्हणजे एका घावात पाडला. 'डिसमँटल' केला म्हणजे एकेक मुद्दा घेऊन, त्याचा आधार काढून घेत, शेवटी उभं राहायला काही ठेवलं नाही.

'विघटन' मात्र कृपा करून कुणी सुचवू नका. विघटन शेणखतात पालापाचोळ्याचं होतं, आपोआप, कुजत. डिसमँटल आपोआप होत नाही, ते कुणीतरी करावं लागतं. व्याकरणातही ते बहुतेक वेळा सकर्मकच वापरतात.

सुईदोरा

मी घरी शिवणकाम करते, दर्यापूरजवळ. एवढी मोठी माहिती मला नाही, पण आमच्यात हे रोजचं आहे. जुनं पातळ घेऊन बायका येतात, त्याचं काठ वेगळं काढून नवीन साडीला लावून द्या म्हणतात. टाका उसवला तर काठ जसाच्या तसा निघते. घाई करून ओढलं तर काठही जाते अन् पातळही जाते. उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागते, पण उसवण्याचे पैसे कोणी देत नाही, सगळ्यांना वाटते ते काही काम नाही. शाळेचं वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. सुटं काढायची मजुरी कोणाला द्यायची नव्हती म्हणून फाडलं.

हडंबा

ताई, शंभर टक्के. आमच्याइकडंबी गिऱ्हाईक म्हनते, "खोलाचे काहून पैसे?"

जुना_ओव्हरसिअर

सुईदोरा ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मी बांधकाम खात्यात आयुष्य काढलं, अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत. आता निवृत्त आहे. इतरांनी भाषेचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण अडाणकाठ यांना कागदच लिहायचा आहे.

बांधकामाच्या कागदात 'डिसमँटलिंग' आणि 'डिमॉलिशन' या दोन वेगळ्या बाबी आहेत. हे कुणाचं मत नाही, व्याख्या छापलेल्या आहेत. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, विनिर्देशांत स्पष्ट लिहिलंय की डिसमँटलिंग म्हणजे भागांना इजा न होऊ देता काळजीपूर्वक वेगळं करणं आणि काढून नेणं, आणि डिमॉलिशन म्हणजे फोडून टाकणं. त्यांच्या दरसूचीत लाकडी कैच्या, वासे, दारं-खिडक्या यांच्या बाबी 'डिसमँटलिंग' म्हणून येतात आणि पुढं लिहिलेलं असतं, निघालेला माल ५० मीटरच्या आत रचून ठेवण्यासह. काँक्रीटच्या बाबी 'डिमॉलिशिंग' म्हणून येतात, आणि तिथं विल्हेवाट लावणं एवढंच. सोप्या शब्दांत, एकीकडं माल रचायचा आहे आणि दुसरीकडं मलबा फेकायचा आहे.

तेव्हा अडाणकाठ, तुमच्या इंग्रजी अंदाजपत्रकात शब्द बरोबर होता. इंग्रजीतून मराठीत येताना दोन बाबींची एक झाली. 'पाडकाम' हा शब्द आमच्या सगळ्या कार्यालयांत दोन्हींसाठी सरसकट चालतो. मी स्वत: तो वर्षानुवर्षं लिहिला. त्या काळी मजूर हातानंच काम करायचे, पहार-टिकाव घेऊन. 'पाडकाम' लिहिलं तरी कवेलू आधी उतरायचे, कारण माणूस वर चढूनच काम करणार, दुसरा मार्गच नव्हता. यंत्र आलं आणि त्या शब्दातली ती उरलीसुरली काळजी निघून गेली. शब्द तोच राहिला, काम बदललं.

आता 'उकलणे'. शब्द उत्तम आहे, माझी आईही म्हणायची. पण ठरावात एकटा घालू नका. उद्या वाद झाला तर कंत्राटदार म्हणेल, उकललंच की, यंत्रानं उकललं. तुम्ही त्याला चूक ठरवणार कशाच्या जोरावर?

वैनगंगा_तीर

काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून बोलतो. कागदात वापरलाच नाही तर हा शब्द उरणार कुठं? आजी गेली. माझ्या पोरांना 'उकलणे' म्हणजे गणिताची उकल एवढंच माहीत.

जुना_ओव्हरसिअर

तुमचं म्हणणं पटतं. म्हणून 'एकटा घालू नका' म्हटलं, 'घालू नका' म्हटलं नाही.

पूर्णाकाठ

रेल्वेचं एक उदाहरण देतो, आमच्या भागातलं. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर पूर्वी चालणारी नॅरोगेज गाडी, शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं. १९२३ पासून धावलं आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता हे इंजिन 'काढलं' असं आपण म्हणतो, पण ते डिसमँटल झालं नाही, फक्त सेवेतून काढलं. मराठीत 'काढलं' या एका शब्दात सेवेतून काढणं, सुटं काढणं आणि भंगारात काढणं, तिन्ही बसतात.

उलट रुळांचं पाहा. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ साली ब्रॉडगेज करण्यासाठी बंद केली. रूळ काढायला लागले की आपल्याकडं 'रूळ उखडले' म्हणतात. उखडणं म्हटलं की आंदोलन आठवतं! खरं तर जोड खोलून, दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट, सोडवून, रूळ उचलून नेण्याचं ते काम. म्हणजे इंग्रजीतला तो एक शब्द आपण कधी सौम्य करतो, कधी भलताच कडक.

माझा अडाणकाठ यांना प्रश्न आहे. एकच मराठी शब्द हवाच कशाला?

भाषांतरकार_वर्धा

पूर्णाकाठ, हेच मी सकाळपासून मनात घोळवत होते. एका शब्दाला एकच शब्द द्यायचा ही भाषांतरातली सवय आहे, आणि इथं तीच नडते.

बघा, या धाग्यात आतापर्यंत किती क्रियापदं आली. कवेलू उतरवतात. खिळे उपटतात, पण चांगला वाढई ते ओढून काढतो. वासे सोडवतात. इंजिन खोलतात. टाके उसवतात. गाठ उकलतात. मांडव सोडतात, तंबूही. बंडीचं चाक आखातून काढतात, आणि त्याची धाव उतरवतात. जोडणी कशाची आहे त्यावर क्रियापद ठरतं. शिवलेलं उसवायचं, बांधलेलं सोडायचं, पेचानं बसवलेलं खोलायचं, रचलेलं उतरवायचं. कवेलू कुणी 'उसवत' नाही आणि टाके कुणी 'उतरवत' नाही. लहान पोरसुद्धा यात चुकत नाही.

इंग्रजीनं हे सगळं एका पांघरुणाखाली घातलं. ते सोयीचं आहे, दरसूचीत तर फारच. पण मराठीत आणताना तो शब्द पुन्हा उकलावा लागतो. चावडीला किती प्रकारच्या जोडण्या आहेत ते मोजा, तितकी क्रियापदं ठरावात येऊ द्या.

सुईदोरा

हे वाचून बरं वाटलं. आमचे शब्द कागदात कधी येतील असं वाटलं नव्हतं.

अडाणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गावचे दोन जुने वाढई आणि मी चावडीत गेलो. टॉर्च लावून वरचं सगळं पाहिलं. वर लोखंडी खिळे फार थोडे आहेत. बहुतेक सांधे कुसवांचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, वर लाकडी मेखा ठोकलेल्या. त्यातले थोरले म्हणाले, "ह्या मेखा खालून ठोकल्या का सुटतेत. शाळेतबी अशाच होत्या." एवढं बोलून ते बराच वेळ वर पाहत राहिले.

तुमच्या सांगण्यावरून मसुदा असा केलाय. चुका काढा.

"जुनी चावडी पाडण्यात येऊ नये, तर खालील क्रमाने उकलण्यात यावी. प्रथम दारे, खिडक्या व चौकटी कडी-कोयंड्यांसह काढाव्यात. नंतर कवेलू हाताने उतरवून उभे रचावेत. त्यानंतर फाटे व वासे सोडवावेत. लाकडी मेखा ठोकून काढाव्यात, सांधे कापू नयेत. आढे दोर लावून अखंड उतरवावे. त्यानंतर खांब काढावेत. प्रत्येक लाकडावर काढण्यापूर्वी दिशा व क्रमांक टाकावा. वरील सर्व काम पूर्ण होईपर्यंत कोणतेही यंत्र वापरू नये. त्यानंतर केवळ भिंती पाडाव्यात."

'पाडणे' शेवटी ठेवलंय, फक्त भिंतींसाठी. तिथं तोच शब्द बरोबर आहे.

हडंबा

दादा, एक जोडा. क्रमांक टाकल्यावर कागदावर नकाशा काढून ठेवा अन् मोबाईलवर फोटोबी. लाकडावरचा आकडा पान्यानं पुसला तर कागद कामी येते. आमी इंजिन खोलतानी आता तसंच करतो.

जुना_ओव्हरसिअर

मसुदा चांगला आहे. तीन जागा बंद करा. पहिली, निघालेला माल कुठं रचायचा ते ठिकाण लिहा. ५० मीटरच्या आत, छपराखाली, जमिनीला न टेकवता, खाली विटा किंवा ओंडके देऊन. पाऊस आणि वाळवी दोन्ही आहेत. दुसरी, मोजणी. काम सुरू होण्याआधी प्रत्येक लाकडाची लांबी-रुंदी-जाडी नोंदवा आणि काम झाल्यावर त्याच यादीवर पुन्हा खूण करा, दोन्ही वेळा ग्रामसभेनं नेमलेल्या माणसांच्या सह्या. तिसरी सुईदोरा ताईंची. उकलण्याची मजुरी पाडण्याच्या मजुरीहून वेगळी आणि जास्त धरा. ती धरली नाही तर बाकीचे सगळे शब्द कंत्राटदाराला परवडणार नाहीत, आणि न परवडणारं काम तो करणार नाही.

आणि इंग्रजी प्रतीत 'डिसमँटलिंग' आणि 'डिमॉलिशिंग' दोन स्वतंत्र ओळींत लिहा. एका ओळीत 'आणि'नं जोडू नका.

भूगोलाच्या बाई

"न पाडता" असं लिहिण्याऐवजी तुम्ही "पाडण्यात येऊ नये, तर" असं सुरुवातीलाच ठेवलं ते चांगलं केलं. वाचणारा पहिल्या ओळीवर थांबतो. फक्त 'क्रमाने'च्या आधी 'पुढील' असावं, 'खालील' यादीसाठी शोभतं.

अडाणकाठ

बाई, बदललं. काका, तिन्ही जागा घातल्या. मजुरीची ओळ वेगळी केली. रचायची जागा हनुमान मंदिरामागचा पत्र्याचा मांडव, चावडीपासून पावलांनी मोजला तर पन्नास मीटरच्या आत येते. उद्या सकाळी टेपनं मोजून लिहितो. थोरले वाढई म्हणाले गेरू ते घरून आणतील. वैनगंगा_तीर, आमच्याकडं रस्ता पूर्वेला आहे, तेव्हा 'पू १' पासून सुरुवात करायची ठरलंय.